सून असल्याचा पुरावा

वकिलीची पहिली दोन वर्षं माझ्या वाट्याला फक्त तारखा आल्या. सिनियर म्हणायचे, "बाळ, वरच्या मजल्यावर आपलं मॅटर आहे, उभी राहा आणि पुढची तारीख घे." मी काळा कोट सावरत जिने चढायची, "सर बिझी आहेत, मुदत मिळावी" एवढं एक वाक्य बोलायची आणि खाली यायची. घरी आई विचारायची, "आज काय बोललीस कोर्टात?" तिला काय सांगणार!

त्यामुळे सिनियरांनी एका सकाळी एक पातळ फाईल माझ्यापुढं टाकली आणि म्हणाले, "ही तू चालव. पहिल्यापासून शेवटपर्यंत," तेव्हा मला ती फाईल छातीशी धरून पळत सुटावंसं वाटलं.

"कसली आहे सर?"

"गुन्हेगाराला लपवल्याची. मोठं काही नाही. बाहेर बाई बसलीय, बोलून घे."

बाई कसली, पंचविशीची मुलगी होती. वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगला. रात्रपाळी संपवून थेट आली होती, हातात डब्याची पिशवी, गळ्यात काळ्या मण्यांची बारीक पोत. मी तिला चहा दिला आणि म्हटलं, सगळं पहिल्यापासून सांग.

ती आणि तिचा नवरा बजाजनगरात एका खोलीत राहायचे. नवरा तिथंच एका कंपनीत मशीन चालवायचा. त्यांच्या गल्लीत पाण्याचा टँकर यायचा आणि आला की पाईप कुणाच्या ड्रममध्ये आधी, यावरून दर वेळी तोंडातोंडी व्हायची. एका दुपारी तोंडातोंडीवर भागलं नाही. शेजाऱ्यानं हिच्या नवऱ्याला ढकललं आणि नवऱ्याच्या हातात नेमका नळ पिळायचा लोखंडी पाना होता. शेजाऱ्याचं मनगट मोडलं. रक्त बघितल्यावर नवरा घाबरला आणि तसाच पळाला. गुन्हा दाखल झाला, पोलीस शोधायला लागले.

"दोन दिवसांनी परत आला," ती म्हणाली. "दाढी वाढलेली, उपाशी. मी आत घेतलं. मोरीवर पोटमाळा आहे, तिथं चादर टाकून दिली. सकाळी पोलीस आले. म्हणाले, नवरा कुठंय? मी म्हटलं, इथं नाही."

"मग?"

"मग एका पोलिसानं पाणी मागितलं. मी ग्लास दिला. तो मोरीपाशी उभा राहून प्यायला लागला आणि वरून ग्लासात माती पडली."

मला हसू आवरलं नाही. तिलाही आलं, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "त्यानं चूकच केली, ताई. माणसाचा हात मोडला. मी दवाखान्यात जाऊन त्यांच्या घरच्यांची माफी मागून आले. पण नवरा दारात उभा राहिला तर मी काय दार लावून घेऊ?"

नवऱ्याला तिथंच पकडलं. पुढं त्याला जामीन झाला. त्याचा खटला दुसऱ्या वकिलाकडे होता आणि हाडाच्या डॉक्टरांची साक्ष होत नव्हती म्हणून रखडला होता. हिच्यावर मात्र वेगळं दोषारोपपत्र आलं: फरार आरोपीला आसरा दिला. कारखान्यात कळलं तर नोकरी जाईल या भीतीनं ती अर्धी झाली होती.

त्या दिवशी संध्याकाळी मी सिडकोतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर नव्या न्याय संहितेचं पुस्तक उघडून बसले. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. आयुष्यभर त्यांनी ऑफिसचं पेनसुद्धा घरी आणलं नाही. ते समोर भाजी निवडत होते, आई पोळ्या करत होती. मी आसरा देण्याचं कलम वाचत वाचत खाली आले आणि शेवटच्या ओळीवर थबकले. पुन्हा वाचलं. मग खुर्ची मागं सारून उभीच राहिले.

"बाबा! हिला हे कलम लागूच होत नाही!"

"कुणाला?"

"बायकोला! लपवणारी व्यक्ती म्हणजे गुन्हेगाराचा नवरा किंवा बायको असेल तर गुन्हाच होत नाही. इथं छापलंय. अपवाद आहे!"

वडिलांनी हात पुसले, चष्मा लावला आणि ती ओळ तीनदा वाचली. आई हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. "म्हणजे तुझ्या बाबांनी काही केलं तर मी त्यांना लपवू शकते?"

"हो."

"आणि तू काही केलंस तर?"

"तर नाही. आईला सूट नाही. वडिलांना नाही, भावाबहिणीला नाही. फक्त नवरा-बायकोला."

आईला ते अजिबात पटलं नाही. "हा कसला बाई कायदा? पोटच्या पोरीला नाही आणि यांना लपवू?"

"मला लपवायची वेळच येणार नाही," वडील म्हणाले.

"तुम्हाला लपवलं तरी तुम्ही स्वतःच जाऊन ठाण्यात सांगाल, मी माळ्यावर आहे म्हणून," आई म्हणाली, आणि आम्ही तिघंही इतके हसलो की तव्यावरची पोळी जळली. मी जेवता जेवता दोन वेळा उठून ती ओळ पुन्हा बघून आले. आपली पहिली केस आणि पहिल्याच दिवशी जिंकलेली!

दुसऱ्या दिवशी सिनियरांच्या खोलीत मी अपवाद वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली. "छान. आता मला सांग, ती त्याची बायको आहे हे कुणी सांगितलं?"

"म्हणजे? तिनंच सांगितलं."

"दोषारोपपत्राचं दुसरं पान काढ."

मी काढलं. तिथं लिहिलं होतं, "आरोपीसोबत एकत्र राहणारी मैत्रीण." लग्नाची नोंद नाही. आधार कार्डावर माहेरचं नाव. रेशन कार्ड जालन्याकडचं, वडिलांच्या घरचं. खोलीचा करार एकट्या नवऱ्याच्या नावावर.

"अपवाद सांगणाऱ्यानं तो सिद्ध करायचा असतो," सिनियर म्हणाले. "ती बायको असेल तर सुटली. नसेल तर कलम लागू. तुझी सगळी केस एवढीच आहे, बाळ. लग्न झालं होतं की नाही?"

खटला चालण्याआधीच तिला सोडून द्या म्हणून मी अर्ज केला, तो फेटाळला गेला. कोर्टाचं म्हणणं सरळ होतं: लग्न झालं की नाही हा पुराव्याचा प्रश्न आहे, पुरावा द्या.

मग मी पुराव्याच्या मागं लागले. त्या दिवसांत मी इतकी फिरले की स्कूटीचं टायर गुळगुळीत झालं. लग्न गंगापूर रस्त्यावरच्या एका महादेवाच्या देवळात झालं होतं, दोन्ही घरच्यांच्या मनाविरुद्ध. जात वेगळी होती. तिचे वडील तेव्हापासून तिच्याशी बोलत नव्हते. नोंदणी करू करू म्हणत राहिली, पण दोघांच्या पाळ्या वेगळ्या, सुट्टी एकदम मिळायची नाही. मी देवळात गेले तर लग्न लावणारे गुरुजी वारले होते. त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा लई लग्नं लावायचे, ताई. आम्हाला कुणाचं काय आठवणार?" लग्नाला नवऱ्याचे दोन मित्र होते. एक चाकणला कामाला गेलेला, फोन उचलायचा नाही. दुसरा सापडला. मी त्याच्या पानटपरीपाशी उभी राहून त्याला खोदून खोदून विचारलं.

"हार मीच आणले होते मॅडम," तो म्हणाला. "पण देवळात नाय गेलो. बाहेर गाडीपाशी थांबलो."

"का?"

"पार्किंगला जागा नव्हती ना."

मला त्याचं डोकं टपरीवर आपटावंसं वाटलं. फोटो होते ते जुन्या फोनबरोबर गेले होते. शेजारचे लोक तर मनगट मोडलेल्या माणसाच्या बाजूचे, ते हिच्यासाठी का बोलतील? आणि नवऱ्याची साक्ष कोर्ट कितीशी धरणार? तो बायकोला सोडवण्यासाठीच बोलणार, असं कुणीही म्हणालं असतं.

हे सगळं मी तिला सांगितलं तेव्हा ती पोतीचे मणी चाळत बसली. मग म्हणाली, "ताई, एक जण देवळात आत होतं."

"कोण?"

"आत्याबाई. यांची आई."

मी खुर्चीतून उडालेच. "सासूबाई लग्नाला होत्या? आणि हे तू आज सांगतेस?"

"लग्नाला नव्हत्या आल्या. लग्न मोडायला आल्या होत्या. कुणीतरी गावात सांगितलं, तशा जीप करून निघाल्या. पण पोचेपर्यंत…" ती थोडं हसली. "त्या नाही येणार कोर्टात. त्यांनी मला आजवर उंबरा ओलांडू दिलेला नाही."

तिसऱ्या दिवशी मी वैजापूरच्या एसटीत होते. वैजापूरहून पुढं गावापर्यंत काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून गेले. उन्हाळा लागला होता, रानात कांदा काढणी चालू होती. रस्त्याच्या कडेनं कांद्याचे ढीग, आणि हवेला त्याचाच वास. माझ्या मांडीवर फाईल. सबंध वाट मी मनातल्या मनात भाषण पाठ करत होते: मावशी, तुम्ही एक स्त्री म्हणून विचार करा, वगैरे वगैरे.

सासूबाई कांदा साठवायच्या चाळीपाशी बसून कांदा निवडत होत्या. साठीच्या, उन्हानं रापलेल्या, नऊवारीचा ओचा खोचलेला. मी कोण, कशासाठी आले, सांगितलं. त्यांनी हात थांबवले नाहीत.

"माझा पोरगा सुटल का यानं?"

"नाही मावशी. त्याचा खटला वेगळा आहे. यात फक्त तुमची सून सुटेल."

"माझी सून नाय ती."

भाषण विसरले. मी पण खाली बसले आणि नुसतीच कांदे निवडायला लागले. मोठा इकडं, चिंगळी तिकडं. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "तिला कामून धरलं पण? नवऱ्याला घरात घेतलं एवढाच गुन्हा ना?"

"त्याच्यासाठी धरलं. पण कायद्यात असं आहे, बायकोनं नवऱ्याला लपवलं तर तो गुन्हा होत नाही. ती बायको आहे हेच सिद्ध होत नाहीये."

"असं हाय व्हय?" त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "आन आईनं लपवलं तर?"

"तर होतो गुन्हा."

"आईला माफी नाय?"

"नाही."

त्यांच्या हातातला कांदा तसाच राहिला. "त्याला जनम दिलेल्या बाईला माफी नाय, आन ती परवा आलेली, तिला हाय? कुणी केला ओ बाई हा कायदा? त्याला आई नव्हती का?"

खरं सांगायचं तर माझ्या आईनंही हेच विचारलं होतं, असं मी म्हटलं. त्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आन नुसती भाकर बांधून दिली तर?"

मी दचकले. कायद्यात जेवणखाण देणंसुद्धा आसरा देण्यातच मोडतं. मी पटकन हात वर केले. "मावशी, मला पुढचं काही सांगू नका. मी विचारलेलं नाही आणि तुम्ही सांगितलेलं नाही."

पण त्यांना सांगायचंच होतं, कुणाला तरी. त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं आणि कांद्याच्या ढिगाशी बोलल्यासारखं बोलल्या. "पोरगं इथं आलं होतं. माझा थोरला म्हणला, पोलीस येतील, समदे आत जाऊ. मी म्हटलं, जा बाबा, इथं नको थांबू. त्या गोठ्यापासून माघारी लावलं मी त्याला. आई असून भ्याले. आन ती पोरगी…" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ती नाय भ्याली."

वाऱ्यानं कांद्याची सालं उडत होती. मी आणखी एक कांदा निवडून बाजूला टाकला.

"तारीख कधी हाय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितली.

"बघू," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कांदा निवडायला लागल्या. त्या एका "बघू"वर मी परतीचा सगळा प्रवास केला. कधी वाटायचं नक्की येणार, कधी वाटायचं कसली येते. कंडक्टरनं तिकीट विचारलं तर मी त्याला फाईल दिली.

साक्षीच्या दिवशी मी वेळेच्या कितीतरी आधी कोर्टात पोचले. माझी अशील आधीच येऊन बाकावर बसली होती, इस्त्रीची साडी नेसून. नवराही आला होता, तो खाली मान घालून खांबाला टेकून उभा. सासूबाईंचा पत्ता नव्हता. फोन लावला तर लागत नव्हता.

पुकारा झाला. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, "बचावाचा साक्षीदार?"

"येतोय मॅडम, गावाहून यायचाय. थोडा वेळ द्यावा."

"किती वेळ? नाहीतर पुरावा बंद करा."

"मॅडम, पासओव्हर द्या, आमचं प्रकरण थोड्या वेळानं घ्या. फक्त एकदा."

मॅडमनी मान डोलावली, दुसरं प्रकरण घेतलं. मी कोट सावरत जिन्यावरून खाली पळाले, फाटकापर्यंत. रस्ता रिक्षांनी आणि गाड्यांनी भरलेला. प्रत्येक नऊवारीत मला त्याच दिसायच्या. एक रिक्षावाला म्हणाला, "कहाँ जाना मॅडम? कायको इतनी टेन्शन में?" मी त्याला काय सांगू! मी मागं वळले, आणि तेवढ्यात फाटकातून एक मोटरसायकल आत आली. पुढं थोरला मुलगा, मागं त्या. डोक्यावरून पदर घट्ट बांधलेला, अंगभर धूळ.

"एसटी लासूरला बंद पडली," त्या उतरत म्हणाल्या. "मंग याला बोलावलं. म्हटलं, पोरा, तवा भ्यालास, आज तरी ने."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघी अक्षरशः जिना पळत चढलो. त्या माझ्यापेक्षा जोरात.

साक्षीच्या पिंजऱ्यात त्यांनी शपथ घेतली. आयुष्यातला पहिला प्रश्न मी विचारला तेव्हा माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"समोर बसलेल्या या बाईंना तुम्ही ओळखता?"

"वळखते."

"गंगापूर रस्त्यावरच्या देवळात तुम्ही गेला होता, तेव्हा तुम्ही काय बघितलं ते कोर्टाला सांगा."

त्यांनी घसा साफ केला. "मी जीपमधून उतरले तशी आत पळाले. गुरुजीचा आवाज येत होता. म्हटलं अजून चालू हाय, थांबवते. आत जाऊन बघते तर गळ्यात मंगळसूत्र पडलेलं, आन दोघं होमाभवती पावलं टाकायला लागलेली. मी ओरडले, थांबवा! गुरुजीनं माझ्याकडं बघितलं, पण मंत्र नाय थांबवला. माझ्यासमोर शेवटचं पाऊल पडलं. मंग गुरुजी म्हणला, मावशी, आता झालं, आता अक्षता टाका. मी म्हटलं, अक्षता टाकायला नव्हते आले मी."

मागच्या बाकावरचे वकील हसले. मॅडमनी वर बघितलं तसे गप्प झाले. माझी अशील डोळे मिटून बसली होती.

मग सरकारी वकील उठले. ते शांतपणे बोलणारे, अनुभवी गृहस्थ. मला त्यांचीच धास्ती होती.

"मावशी, हे लग्न तुम्हाला मान्य होतं?"

"नाय."

"आजपर्यंत तुम्ही या बाईंना घरात घेतलं?"

"नाय घेतलं."

"सणावाराला बोलावलं? कुणाला ही आमची सून म्हणून सांगितलं?"

"नाय सांगितलं."

तिन्ही उत्तरं सरकारी बाजूची. सरकारी वकील किंचित हसले.

"म्हणजे तुमच्या दृष्टीनं ही तुमची सून नाहीच. बरोबर?"

मी टेबलाची कड धरली होती. मग सासूबाईंनी पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

"साहेब, लगीन झालंच नसतं तर मी नाय कशाला म्हटलं असतं? बिनलग्नाची कुणी पोरगी असती तर मला तिच्याशी काय करायचं होतं? शहरात पोरं काय काय करत्यात, मी कुणाकुणाला दारं लावत बसू? लगीन झालं म्हणून तर दार लावलं मी! माझ्या डोळ्यांनी बघितलं, तेच तर डोक्यात बसलं माझ्या!"

आणि मग मॅडमनी स्टेनोकडं वळून सांगायला सुरुवात केली, "लिहा. साक्षीदार असे सांगते की, सदर विवाह प्रत्यक्षात झाला असल्यामुळेच तिने तो अमान्य केला. विवाह झाला नसता तर अमान्य करण्याचे कारण नव्हते."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी पेन इतकं घट्ट धरलं होतं की त्याचं टोपण तुटलं. इतके दिवस मी या बाईंच्या नकाराला घाबरत होते, आणि त्या नकारातच माझा पुरावा होता!

सरकारी वकिलांनी हार मानली नाही. "मुलाला वाचवण्यासाठी तुम्ही खोटं बोलताय."

"पोरगा कुठं वाचतोय यानं? त्याचा खटला चालूच हाय की. वाचली तर ही वाचल."

"बरं. मारहाणीनंतर मुलगा पहिल्यांदा कुठं गेला? तुमच्याकडंच आला होता ना?"

मी उठून उभी राहिले, "मॅडम, हरकत आहे," पण सासूबाई माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्यांनी तोंड उघडलं होतं. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणखी एक शब्द आणि कदाचित त्याच आरोपी झाल्या असत्या, कारण आईला सूट नाही.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "साक्षीदार विवाहाबद्दल आहे. या प्रश्नाचा इथं संबंध नाही. प्रश्न नाकारला."

मी खाली बसले. सासूबाई पिंजऱ्यातून उतरल्या, सुनेच्या बाकाजवळून गेल्या, पण थांबल्या नाहीत. बाहेर जाऊन थोरल्याच्या मोटरसायकलवर बसल्या आणि निघूनही गेल्या. मला आभार मानायलाही मिळालं नाही. त्या संध्याकाळी मी घरी आई-वडिलांना सगळी साक्ष उभं राहून करून दाखवली, दोन्ही बाजूंचे आवाज काढून. आईनं ती दोनदा करायला लावली. सासूबाईंचं उत्तर आलं की ती प्रत्येक वेळी टाळी द्यायची. वडील म्हणाले, "मॅडमनी कोर्टाच्या मराठीत काय लिहून घेतलं ते पुन्हा सांग," आणि ते वाक्य त्यांनी चवीनं दोनदा ऐकलं.

निकालाला सासूबाई येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण आम्ही वर पोचलो तर त्या कोर्टाबाहेरच्या बाकावर आधीच बसलेल्या. एकट्या, एसटीनं आलेल्या. सुनेनं त्यांना पाहिलं आणि भिंतीशी अंग चोरून उभी राहिली.

मॅडमनी निकालाचा शेवटचा भाग वाचला. विवाह झाल्याचे शाबीत होते, आरोपी ही पळून गेलेल्या इसमाची पत्नी असल्याने तिला अपवादाचा लाभ मिळतो, सबब निर्दोष मुक्तता. मी ते वाक्य कानांनी ऐकलं, तरी खात्री पटेना. शेजारच्या वकिलाला विचारलं, "मुक्तता म्हणाल्या ना?" तो म्हणाला, "हो गं बाई, मुक्तता!" आणि माझ्या पाठीवर थाप मारली. सिनियर दाराशी उभे होते. त्यांनी नुसता अंगठा वर केला. दोन वर्षांत त्यांनी माझं केलेलं तेवढंच कौतुक, पण मला ते पुरलं.

व्हरांड्यात सून सासूच्या पायाशी वाकली. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हातही फिरवला नाही. थोडं मागं सरकून म्हणाल्या, "उठ. सुट्टी कधी असती तुला?"

"रविवारी, आत्याबाई. आज पण घेतलीय. उद्या दुसरी पाळी आहे."

"निम्मा कांदा रानातच पडून हाय. माणसं मिळना झालीत. येतीस का?"

सुनेनं माझ्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. त्याच्या खटल्याची तारीख पुढं होती, तो निकाल काय लागेल कुणाला माहीत. विरुद्ध लागला तर शिक्षाही होईल, आणि शेजाऱ्याचं मनगट आजही नीट वळत नाही, तेव्हा ती का होऊ नये, असं तोच मला एकदा म्हणाला होता. पण त्या क्षणी तो आईकडं बघत उभा होता आणि आई मुद्दाम त्याच्याकडं बघत नव्हती.

"येते," सून म्हणाली. "आत्ता येऊ?"

"आत्ताच. सव्वादोनची गाडी हाय."

मग काय, आम्ही सगळेच पळालो. मी त्या दोघींना एका रिक्षात घातलं आणि स्कूटीवरून मागोमाग मध्यवर्ती बसस्थानकात गेले. वैजापूरची गाडी लागलीच होती. दारात ही गर्दी! सासूबाईंनी खिडकीतून पिशवी आत टाकून जागा धरली, मग कोपरानं वाट काढत वर चढल्या आणि सुनेला मागून ओढून घेतलं. मी खिडकीखाली उभी राहून ओरडत होते, "निकालाची नक्कल मिळाली की फोन करते! कारखान्यात दाखवायला लागेल! आणि आता आधी लग्नाची नोंदणी करा!"

"करू!" सून आतून ओरडली.

"तिला कांद्याचं काही येत नाय वाटतं, बघा," सासूबाई खिडकीतून माझ्याकडं वाकून म्हणाल्या, "शिकवावं लागल समदं." गाडी सुरू झाली तेव्हा त्या सुनेला सावलीच्या बाजूला सरकवत होत्या, ऊन कुठल्या बाजूनं येईल ते बघून.